जीव म्हणजे कोण?

श्रोतेहो, आपल्या बोलण्यात 'जीव' हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, पाहा. पाऊस लांबला की जीव टांगणीला लागतो. तो पडला की जीवात जीव येतो. आई लेकराला जीव लावते आणि दमलेला माणूस 'जीव नकोसा झाला' म्हणतो. आपल्या तत्त्वज्ञांनी हाच शब्द हाती घेतला आणि विचारले, हा जीव म्हणजे आहे तरी कोण?

'माझा हात दुखतो', 'माझे मन लागत नाही' असे आपण म्हणतो. हात माझा, मनही माझे. मग हे 'माझे' म्हणणारा जो कोणी आत आहे, तो जीव. इतके मानले तरी खरा प्रश्न पुढेच आहे. या जीवाचे देवाशी नाते काय?

शंकराचार्यांचे अद्वैत म्हणते, जीव मुळात ब्रह्मच आहे. घडा फुटला की त्यातली पोकळी बाहेरच्या आकाशाहून निराळी उरत नाही, तसे अज्ञान गेले की जीव निराळा उरत नाही. आचार्यांनी उपासनेला जागा दिली, पण अखेरचा शब्द ऐक्याचा. इथे भक्तीच्या वाटेने जाणाऱ्या आचार्यांना अडचण दिसली. प्रेम करायला दोघे लागतात. भक्तच उरला नाही, तर देवावर प्रेम कोण करणार?

रामानुजाचार्यांचा काळ परंपरेने 1017 ते 1137 असा सांगतात. श्रीरंगम् ही त्यांची कर्मभूमी. त्यांचे उत्तर असे: जीव खरा आहे, अणूएवढा सूक्ष्म आहे आणि तो देवाचे शरीर आहे. शरीर म्हणजे काय? ज्याला आत्म्याचा आधार असतो, जे आत्म्याच्या सत्तेने चालते आणि जे आत्म्यासाठीच असते, ते शरीर. आपला हात आपल्याहून वेगळा ओळखता येतो, पण आपल्यावाचून त्याला अस्तित्व नाही. जीवाचे देवाशी नाते तसेच. आणि अणूएवढा जीव साऱ्या देहाचे सुखदुःख कसे जाणतो? कोनाड्यातला दिवा लहानच असतो, पण उजेड घरभर पडतो. जीवाचे ज्ञान असेच पसरते.

उडुपीचे मध्वाचार्य तेराव्या शतकातले. त्यांनी भेद अगदी स्पष्ट मांडला. देव आणि जीव वेगळे, जीव आणि जड वेगळे, इतकेच नव्हे तर एक जीवही दुसऱ्या जीवासारखा नाही. देव स्वतंत्र, जीव परतंत्र. आणि मुक्ती मिळाली तरी हा भेद संपत नाही.

वल्लभाचार्यांनी (1479–1531) ठिणगीचा दृष्टान्त घेतला. आगीतून ठिणग्या उडतात. ठिणगी लहान, पण अग्नीच. सत्, चित् आणि आनंद यांपैकी आनंद जीवात झाकला गेला आहे. देवाच्या कृपेने तो उघडतो. बंगालमधील चैतन्य महाप्रभूंच्या (1486–1534) परंपरेने म्हटले, सूर्य आणि किरण यांच्यात भेदही आहे, अभेदही आहे. दोन्ही एकदम कसे, हे बुद्धीने उलगडत नाही. म्हणून त्या मताचे नावच 'अचिंत्य भेदाभेद'.

आणि आपले ज्ञानेश्वर? त्यांनी 'अमृतानुभवा'त निराळीच वाट दाखवली. वेरूळचे कैलास लेणे आठवा. एका खडकातून मंदिर कोरले, मूर्तीही त्यातल्याच. दगड एक, तरी तिथे देव आहे आणि हात जोडणाराही असू शकतो. ऐक्य झाले म्हणून भक्ती संपत नाही, असा त्यांचा अनुभव.

आता कुणी म्हणेल, या बारीक भेदांशी शेतात राबणाऱ्याला काय करायचे आहे? करायचे आहे. जीवाविषयी आपण जे मानतो, त्यावरून शेजाऱ्याशी आपण कसे वागावे हे ठरते. माध्वमतात सगळे जीव मुक्तीला पात्र नाहीत. काही कायम संसारातच फिरतात, काही अंधारात पडतात, असे सांगितले आहे. रामानुजांनी हे मानले नाही. रामानुजांची तर कथाच आहे, की गुरूने गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी गोपुरावर चढून सर्वांना सांगितला. आपण नरकात गेलो तरी चालेल, पण इतके लोक तरतील, हा त्यांचा हिशेब.

मात्र तत्त्व ग्रंथात असणे आणि ते गावात उतरणे यांत मोठे अंतर असते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीवाला देवाचा अंश म्हटले आहे, आणि पिढ्यानपिढ्या ते आपल्याकडे वाचले गेले. तरी ज्यांना अस्पृश्य मानले, त्यांच्यासाठी पंढरीच्या विठ्ठलमंदिराचे दार उघडायला 1947 साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. अंश म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे करायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कीर्तनात बुवांनी 'जीव' हा शब्द उच्चारला, की जरा कान द्या. ते शरीराचे नाते सांगताहेत, ठिणगीचे, की एका खडकाचे? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात मुलांपुढेही ठेवावा. आणि नाते कोणतेही निघो, ते आपल्यापुरते आहे, की शेजारी बसलेल्यालाही तितकेच लागू आहे, हेही विचारावे.