घरच्या संगणकास पहारा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील अनेक शिक्षकांच्या व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या घरी आज संगणक आहे. शाळेचे निकालपत्रक, ग्रामसभेचे इतिवृत्त, मुलांच्या अभ्यासाचे साहित्य आणि घरच्या लग्नकार्याची छायाचित्रे ही सारी त्या एकाच यंत्रात साठविलेली असतात. घरी छपाईची सोय नसल्याने पेन ड्राइव्ह खिशात घालून झेरॉक्सच्या दुकानात जाणे हा नित्याचा प्रघात. तेथून परतताना छापील कागदांबरोबर कधी एखादा विषाणूही घरी येतो. मग कोणी जाणकार सल्ला देतो की, इंटरनेटवरून एक फुकटचा अँटिव्हायरस उतरवून घ्या. वीस वर्षांपूर्वी हा सल्ला योग्य होता. आज तो तसाच स्वीकारावा काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

संगणकाचा विषाणू हा सजीव नव्हे. दुसऱ्याच्या यंत्रात शिरून स्वतःच्या प्रती काढणारी ती एक आज्ञावली होय. १९९० साली भारतात आढळलेला ‘जोशी’ नावाचा विषाणू जुन्या मंडळींना आठवत असेल. ५ जानेवारी उजाडली की तो संगणक अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकलिखित केल्याखेरीज काम पुढे सरकू देत नसे. नंतरचे विषाणू इतके विनोदी राहिले नाहीत. त्या काळी संगणकाच्या मूळ प्रणालीत संरक्षणाची तरतूद नाममात्रच होती आणि ही उणीव बाहेरच्यांनी भरून काढली. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात विषाणू काढून टाकणारी आज्ञावली तयार केली. त्यातूनच ‘क्विक हील’ हे नाव देशभर पोहोचले आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. एका मराठी कुटुंबाचे हे कर्तृत्व निश्चितच अभिमानास्पद आहे.

मात्र मधल्या काळात परिस्थिती पालटली. २०१२ साली आलेल्या ‘विंडोज ८’ पासून मायक्रोसॉफ्टने विषाणूप्रतिबंधाची व्यवस्था मूळ प्रणालीतच अंतर्भूत केली. ‘डिफेंडर’ या नावाने ती ओळखली जाते व तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. प्रारंभी हा पहारेकरी तसा दुबळाच होता. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था अशा प्रणालींची परीक्षा घेते. तिच्या चाचण्यांत त्या काळी मायक्रोसॉफ्टचे स्थान तळाशी असे. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच चाचण्यांत डिफेंडरला वारंवार उत्तम गुण मिळाले आहेत.

येथे एक गोष्ट बहुधा लक्षात घेतली जात नाही. बाहेरचा अँटिव्हायरस बसविला की पहारा दुप्पट होतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. दोन पहारेकरी एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालू लागले तर यंत्र मंदावते. म्हणून दुसरी प्रणाली येताच डिफेंडर सामान्यतः स्वतःहून बाजूला होतो. म्हणजे फुकटचा अँटिव्हायरस घेणारा मनुष्य जादा रखवालदार नेमत नसून असलेला बदलत असतो. नवा अधिक चांगला असेल तरच हा बदल लाभाचा. नव्या संगणकासोबत मिळणाऱ्या चाचणी आवृत्तीची मुदत संपल्यावर तर तिला नव्या विषाणूंची माहिती मिळेनाशी होते. ती रीतसर काढून टाकावी, म्हणजे डिफेंडर पुन्हा काम हाती घेतो.

फुकट या शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा. ‘अवास्ट’ ही जगभर वापरली जाणारी मोफत प्रणाली. तिच्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या इंटरनेट भ्रमंतीची माहिती विकली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर ती उपकंपनी २०२० साली बंद करण्यात आली. २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. सर्वच मोफत प्रणाली अशा असतात असे नव्हे. पण रखवालदारानेच घरातील गोष्टी बाजारात सांगाव्यात, हे विसरता येण्याजोगे नाही.

मोठी हानी बहुधा अँटिव्हायरसच्या अभावाने होत नाही, ती इतरत्र राहिलेल्या ढिलाईने होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती त्यांना फटका बसला. पुढच्याच महिन्यात त्याच फटीचा उपयोग करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले.

म्हणून जुन्या संगणकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘विंडोज ७’ ला सुरक्षा सुधारणा देणे १४ जानेवारी २०२० रोजी, तर ‘विंडोज १०’ चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. नंतरची वाढीव सोय स्वतंत्र नोंदणी करणाऱ्यांसाठी आणि मर्यादित मुदतीची आहे. भिंतच खचलेली असताना दारावरील शिपाई बदलून भागत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर विषाणू तिलाही सोडत नाही.

विषाणूची शंकाच आली तर शासकीय सोय उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरून विषाणू शोधून काढणारी साधने विनामूल्य मिळतात, त्यांत क्विक हीलचेही साधन आहे. ही साधने साफसफाईसाठी आहेत, कायम पहाऱ्यासाठी नव्हेत.

लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर आलेली फाइल भ्रमणध्वनीत उघडणाऱ्यास किंवा दूरध्वनीवर ओटीपी सांगणाऱ्यास मात्र घरच्या संगणकावरील कोणताच अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. खबर जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.