जुन्या कोळशाच्या शेगडीचा जीर्णोद्धार

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागांत, स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरी या शहरांच्या आसमंतांत, जुन्या सामानाच्या बाजारांत एक वस्तु आजहि पाहावयास मिळते. ती म्हणजे बिडाची, नक्षीदार पायांची, निकेलच्या पट्ट्यांनीं मढविलेली, छातीइतकी उंच अशी कोळशाची शेगडी. आपल्याकडे शेगडी म्हटलें कीं स्वयंपाकाची, वरून उघडी, पेटविण्यासाठीं उचलून अंगणांत नेतां येईल अशी लहानशी वस्तु डोळ्यांपुढें येते. ही तशी नव्हे. ही चोहों बाजूंनीं बंद असते. तिच्यांतील जळका वायु नळीवाटे धुरांड्यांत जातो. आणि बाहेर बर्फ पडत असतां घर ऊबदार ठेवणें हें तिचें मुख्य काम. एकोणिसाव्या शतकांत न्यूयॉर्क राज्यांतील ऑल्बनी व ट्रॉय या गांवांच्या ओतशाळांतून अशा शेगड्या मोठ्या संख्येनें बाहेर पडल्या. पुढें तेल व गॅस आले आणि त्या तळघरांत अन् गोठ्यांत जाऊन पडल्या. त्यांतील एखादी विकत घेऊन पुन्हां चालती करण्याची हौस तिकडील पुष्कळ गृहस्थांना आहे. हौस चांगली आहे. मात्र रात्रभर घरांत जळत राहणाऱ्या या यंत्राच्या शेजारीं घरांतील माणसें निजावयाचीं आहेत, ही गोष्ट घेणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून ध्यानांत ठेवावी लागते.

शेगडीचें मर्म समजण्यास तिच्यांत जळणारा कोळसा अगोदर समजला पाहिजे. चंद्रपूर-बल्लारपूरकडील किंवा झरियाचा जो दगडी कोळसा आपल्या परिचयाचा आहे तो लवकर पेटतो, पिंवळ्या ज्वाळेनें जळतो व पुष्कळ धूर सोडतो. पेनसिल्व्हेनियांतील अँथ्रासाइट कोळसा निराळ्या जातीचा. तो कठीण व कांचेसारखा चकचकीत असून जवळजवळ सारा शुद्ध कर्बच असतो. पेटण्यास त्याला सुमारें ५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पण एकदां पेटला म्हणजे धुराशिवाय, आंखूड निळ्या ज्योतीनें तो तासन् तास जळत राहतो. लोहारांना हा कोळसा ठाऊक होता, कारण त्यांच्यापाशीं भाता होता. भात्यावांचून तो घरांत जळेल, यावर मात्र फारसा कोणाचा विश्वास नव्हता. विल्क्स-बॅरी येथील जेसी फेल या गृहस्थानें ११ फेब्रुवारी १८०८ रोजीं लोखंडी गजांच्या उंच जाळीवर तो पेटवून दाखविला. जाळीच्या खालून हवा आपोआप वर चढते, भात्याचें काम तीच करते, एवढीच त्यांतील युक्ति! परंतु याच युक्तीवर पुढें लाखों घरांचा हिंवाळा निभावला. १९०२ सालीं खाणकामगारांनीं मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत संप केला, तेव्हां थंडी तोंडावर आलेली पाहून खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली. त्यावरून घरोघरच्या या शेगड्यांचें महत्त्व कळून येईल.

लाकडाला वरून हवा मिळाली तरी चालतें. अँथ्रासाइटला ती खालूनच, थराच्या पोटांतून मिळाली पाहिजे. जाळीजवळ हवा कोळशाला भेटते व कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. हा वायु वरच्या तप्त थरांतून जातांना आणखी कर्ब आपल्यांत घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. थराच्या माथ्यावर थोडी ताजी हवा आणि लाल निखारा दोन्ही असतील तर तो तेथें पेटतो. शेगडीच्या खिडकींतून दिसणारी निळी, नाचरी ज्योत ती हीच. ती ज्योत विझली, कीं तो वायु न जळतां तसाच पुढें जातो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो, आणि माणूस झोंपेंतल्या झोंपेंत गुदमरतो. हा धोका केवळ परदेशचा नाहीं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत शेकशेगडी ठेवून दारें-खिडक्या लावून घेण्याची चाल घरोघर होती. तिच्यांतील लोणारी कोळशाच्या निखाऱ्यांतूनहि हाच वायु निघतो. उत्तर भारतांत बंद खोलींत अंगेठी पेटती ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, अशीं वृत्तें हिंवाळ्यांत अजूनहि वाचावयास मिळतात.

म्हणून जुन्या शेगडीच्या जीर्णोद्धारांत खरें काम हवेच्या वाटांचें आहे. हवा ठरलेल्या झरोक्यांतूनच आंत यावी आणि वायु ठरलेल्या नळींतूनच बाहेर जावा. तिसरी वाट कोठेंहि राहतां कामा नये. बाजारांत मात्र निकेलच्या झगझगाटावर किंमत ठरते. बाहेरून आरशासारखी चमकणारी आणि आंतून चाळणी झालेली शेगडी शोभेला ठेवण्यास ठीक. तींत विस्तव घालूं नये.

विकत घेण्यापूर्वीं तीन-चार परीक्षा कराव्या. खोलींत अंधार करून शेगडीच्या पोटांत दिवा ठेवावा. ज्या सांध्यांतून वा भेगेंतून उजेड बाहेर डोकावेल त्यांतून वायूहि बाहेर येईल. बिडाच्या प्रत्येक भागावर लहान हातोडीनें हलकेंच वाजवून पाहावें, जसें आपल्या बायका मडकें घेतांना वाजवितात. खणखणीत नाद आला तर भाग शाबूत, बद आला तर कोठें तरी तडा. दारांत कागदाची पट्टी धरून दार लावावें. पट्टी विनासायास ओढून निघाली तर दार नीट बसत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आंत जाळी आहे कीं नाहीं व ती हलते कीं नाहीं हें पाहावें. जाळी नसलेली शेगडी लाकडाची. तींत अँथ्रासाइट जळणार नाहीं.

यानंतर शेगडी सुटी करावयाची. अशी शेगडी अखंड ओतलेली नसते. निरनिराळे पत्रे खांचांत बसवून लांब बोल्टांनीं आवळलेले असतात व सांधे लुकणानें भरलेले असतात. प्रत्येक भागाचें छायाचित्र घेऊन त्यावर खडूनें आंकडा घातला म्हणजे जोडतांना घोटाळा होत नाहीं. गंजून एकजीव झालेल्या बोल्टांवर बळ करूं नये. बीड वांकत नाहीं, तें तडकतें. बोल्टाला उष्णता द्यावी, तेल सोडावें, रात्रभर थांबावें. तरीहि न निघाल्यास बोल्ट कापून टाकावा, तो नवा मिळतो. दारांतील जुना दोर किंवा सांध्यांतील जुनें पुठ्ठ्यासारखें अस्तर ॲस्बेस्टॉसचें असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळें तें कोरडें खरवडूं नये. जाणकाराकडून काढवून घ्यावें.

ज्या भांड्यांत प्रत्यक्ष निखारे राहतात तें अग्निपात्र हा शेगडीचा प्राण होय. त्याला तडा असल्यास सांधून घेण्याचा मोह होतो, परंतु रोज लाल होणारा व रोज निवणारा सांधा सहसा टिकत नाहीं. तें नवें ओतवून घेणें बरें. येथें ओतकामांतील एक गंमत आहे. बीड थंड होतांना दर फुटास सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. जुनें भांडें फर्मा म्हणून जसेंच्या तसें वाळूंत दाबलें तर नवें भांडें तितकें लहान निघतें व चहूंकडे फट राहते. कुशल ओतारी अगोदर फर्म्यावर तेवढा थर चढवून घेतो. भांड्याऐवजीं भट्टीच्या विटांचें अस्तर असेल तर काम सोपें. फुटक्या विटा काढून नव्या बसविल्या कीं झालें.

गंज तारेच्या ब्रशानें घासून काढावा. सांध्यांतील जुनें लुकण सारें खरवडून तेथें उष्णता सोसणारें नवें लुकण भरावें, बोल्ट आवळावे आणि दारांना कांचतंतूंचा नवा दोर लावावा. खिडक्यांना मूळचें अभ्रक असतें. त्याचे पातळ पापुद्रे निघतात आणि तापून तें कांचेसारखें तडकत नाहीं. झारखंडांतील कोडरम्याचें अभ्रक एके काळीं जगभर जात असे. तेव्हां पेनसिल्व्हेनियांतील एखाद्या दिवाणखान्यांतील ती तांबूस खिडकी आपल्याच देशच्या खडकाची असणें अशक्य नाहीं. काळ्या ग्राफाइटची झिलई आणि निकेलचा मुलामा या गोष्टी शेवटीं. त्यांवाचून शेगडी जळते.

धुरांडें निर्दोष नसेल तर वरील सारी मेहनत व्यर्थ होय. वायूला वर खेंचणारी ओढ तेथेंच उत्पन्न होते. ती मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. पाण्याच्या स्तंभाच्या उंचींत सांगावयाचें तर एका इंचाच्या शंभर भागांपैकीं चार ते सहा भाग एवढी ती असावी. इतक्या अल्प जोरावर सारा कारभार चालतो! नळी काळ्या पोलादाची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली नको, कारण तापल्यावर जस्ताची अपायकारक वाफ निघते. आधुनिक प्रमाणपत्र नसलेली जुनी शेगडी लाकडी भिंतीपासून ३६ इंच दूर असावी, असा अमेरिकेंतील अग्निसुरक्षेचा दंडक आहे. तेथील घरें बहुतांशीं लाकडाचीं असल्यामुळें तो कोणी थट्टेवारी नेत नाहीं.

पहिला विस्तव लाकडाचा, लहान आणि खिडक्या उघड्या ठेवून करावा, म्हणजे लुकण हळूहळू पक्कें होतें. पुढें लाकडाच्या लाल निखाऱ्यांवर कोळसा थोडा थोडा घालावा. भर घालतांना सर्व निखारा एकदम झांकूं नये. एका कोपऱ्यांत तरी लाल निखारा उघडा ठेवावा, म्हणजे निळी ज्योत जिवंत राहते. नाहीं तर न जळलेला वायु आंत सांठतो आणि मागाहून एकदम पेट घेऊन दार उघडण्याइतका धक्का देतो. सकाळ-संध्याकाळ जाळी हलवून राख पाडावी व ती लगेच बाहेर न्यावी. राखेचा ढीग जाळीला भिडला कीं खालची गार हवा थांबते आणि जाळीच तापून वांकडी होते. बाजारांतील पुष्कळशा जाळ्यांची दुर्दशा याच आळसानें झालेली असते. मधूनच निखारे उगाच उकरीत बसूं नये. लाकडाच्या चुलीची ती खोड अँथ्रासाइटला मानवत नाहीं, विस्तव विझतो. निजावयाच्या खोल्यांजवळ व प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा लावणें अगत्याचें आहे. शेगडी कितीहि काळजीपूर्वक दुरुस्त केलेली असली तरी.

हिंवाळा संपला कीं शेगडीकडे पाठ फिरविण्याचा प्रघात आहे आणि तोच तिला मारतो. या कोळशांत थोडें गंधक असतें. नळींत बसलेल्या बारीक राखेला उन्हाळ्यांतील दमट हवा लागली म्हणजे गंधकाम्ल तयार होतें आणि एका मोसमांत पत्र्याला भोंकें पडतात. म्हणून शेवटचा विस्तव विझल्यावर त्याच आठवड्यांत नळ्या उतरवून, झाडून, आंतून तेलाचा पुसट हात द्यावा व धुरांड्याचें भोंक बंद करावें. जाणते लोक शेगडीची राख पूर्ण काढून तिच्या पोटांत तारेचा जुन्या पद्धतीचा मंद विजेचा दिवा उन्हाळाभर जळता ठेवतात. त्याच्या उबेनें बिडावर ओल धरत नाहीं.