समुद्रापासून दूर खाऱ्या पाण्याची लहान टाकी : प्रवाहपंपाची निवड आणि मांडणी

सागरी शोभिवंत मासे आता केवळ समुद्रातून पकडून आणावे लागत नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या (विदूषक माशाच्या) बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. महाराष्ट्रात ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठान आणि लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांच्या सहकार्याने अशा माशांची बीजनिर्मिती केली जाते. कोकण किनाऱ्यावरील गटांना यातून पूरक उत्पन्नाचे साधन मिळू शकते. मात्र या माशांचा ग्राहक बहुधा समुद्रापासून दूरच्या शहरात असतो. मासा त्याच्या टाकीत आठवड्याभरात दगावला, तर तो ग्राहक पुन्हा मासा घेत नाही आणि उत्पादकाचे श्रम वाया जातात. म्हणून मासा जिथे पोहोचणार, त्या टाकीची माहिती विस्तार कार्यकर्त्याला आणि उत्पादकालाही असणे आवश्यक आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या शहराचे ठळक उदाहरण म्हणून चंडीगड घेता येईल. हे शहर किनाऱ्यापासून हवाई अंतरानेही सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. तेथे टाकीतील खारे पाणी घरीच तयार करावे लागते : आरओ पद्धतीने शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मत्स्यालयासाठीचे तयार मीठ विरघळवून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता आणली जाते. हरियाणा-पंजाबच्या काही भागांत भूजल मुळातच खारे आहे आणि केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने अशा पाण्यातील मत्स्य व कोळंबी संवर्धनावर मोलाचे काम केले आहे. परंतु या भूजलात समुद्राच्या तुलनेत पोटॅशियम कमी असते. त्यामुळे कूपनलिकेचे खारे पाणी थेट सागरी टाकीत वापरू नये.

प्रवाहाची गरज कशासाठी?

खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. तापमान ३० अंशांवर गेल्यास समुद्राच्या पाण्यातील प्रमाण ६.२ पर्यंत उतरते. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि त्याच वेळी पाण्याची क्षमता घटते. हवेतील प्राणवायू पृष्ठभागातून पाण्यात शिरतो. तो तळापर्यंत पोहोचविण्याचे काम प्रवाह करतो. अमोनियाचे नायट्राईटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंनाही हाच प्राणवायू लागतो. प्रवाह थांबला की मासा आणि जिवाणू दोघेही एकाच वेळी अडचणीत येतात.

म्हणून पंप किती मोठा आहे यापेक्षा पाणी कोठून कोठे जाते आणि पृष्ठभाग हलतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. आधी प्रवाहाचा मार्ग ठरवावा, मग पंप निवडावा.

पंपाची क्षमता कशी ठरवावी?

७५ सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच टाकीचे एकूण आकारमान १२० लिटर होते. पाणी काठापासून ५ सेंमी खाली ठेवल्यास १०५ लिटर राहते. वाळू व खडकांनी व्यापलेली जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी सुमारे ९० लिटर भरते. हिशेब या ९० लिटरवर करावा.

केवळ मासे असलेल्या टाकीत पाण्याचे ताशी १० ते १५ पट अभिसरण पुरेसे मानले जाते. त्यानुसार गाळणीसाठी ताशी सुमारे ३६० लिटरचा एक पंप आणि प्रवाहासाठी ताशी ५०० लिटरचे दोन लहान पंप घ्यावेत. एकूण अभिसरण सुमारे १५ पट होते. एकच मोठा पंप घेण्यापेक्षा दोन लहान पंप घेणे हिताचे असते. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो आणि दोन दिशांनी आलेले प्रवाह एकमेकांवर आदळून सौम्य, बदलती हालचाल निर्माण करतात.

खोक्यावर लिहिलेली क्षमता सहसा पाणी उंच चढवावे न लागता मिळणारी असते. खालच्या गाळण टाकीतून पाणी वर चढवायचे असल्यास प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी मिळतो. याची खात्री बादली व घड्याळाने करता येते. ठरलेल्या उंचीवर १० लिटरची बादली भरण्यास १०० सेकंद लागले, तर पंप ताशी ३६० लिटर पाणी देत आहे.

खरेदी करताना पुढील बाबी तपासाव्यात :

• पंप सागरी पाण्यासाठी बनविलेला, पूर्णपणे बंदिस्त आवरणाचा व सिरॅमिक दांड्याचा असावा. कूलरचा पंप स्वस्त असला तरी वापरू नये. त्याचे धातूचे भाग खाऱ्या पाण्यात गंजतात.

• पंपाची वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने पाण्यातच उतरते. एकूण २० वॅटचे पंप ९० लिटर पाण्याला, उष्णता बाहेर न गेल्यास, तासाला सुमारे ०.२ अंश तापवतात; ६० वॅटचे पंप ०.६ अंश. चंडीगडला मे-जूनमध्ये हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. तेथे गरजेपेक्षा मोठा पंप अपायकारकच ठरतो.

• शक्य असल्यास वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप घ्यावा.

मांडणी

दोन्ही पंप समोरासमोरच्या आखूड बाजूंना, उंचीच्या वरच्या एक तृतीयांश भागात बसवावेत. एकाचे तोंड समोरच्या काचेच्या मध्याकडे तिरपे व किंचित वर ठेवावे, म्हणजे पृष्ठभागावर सतत लहान लाटा उठतात. दुसऱ्याचे तोंड मागील बाजूने खडकांच्या पाठीमागे वळवावे. खडक मागच्या काचेला टेकवू नयेत. किमान ५ सेंमी मोकळी जागा ठेवावी. या जागेतच विष्ठा व उरलेले खाद्य साचते.

पंपाचा झोत थेट वाळूवर किंवा माशाच्या विश्रांतीच्या जागेवर नसावा. क्लाऊनफिश हा जोमदार पोहणारा मासा नाही. त्याला प्रवाह हवा, पण आडोसाही हवा. मासे टाकीत सोडण्यापूर्वी चिमूटभर खाद्य पाण्यात टाकून त्याचा प्रवास पाहावा. कण जिथे स्थिरावून पडून राहतात ती मृत जागा समजावी आणि पंपाचा कोन थोडा बदलून पुन्हा पाहावे. मासे सोडल्यानंतर त्यांच्याकडेच पाहावे. मासा सतत एका कोपऱ्यात दबून राहत असेल तर झोत जास्त आहे. तो पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवीत असेल, तर प्राणवायू कमी असल्याची शक्यता प्रथम तपासावी.

वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा आणि टाकीत हात घालण्यापूर्वी विद्युत्‌पुरवठा बंद करावा.

वीज गेल्यास

खाली गाळण टाकी असल्यास वीज जाताच वरचे पाणी परतीच्या नळीतून उलटे उतरते. वरील मापाच्या टाकीत पातळी १ सेंमी घटली तर ३ लिटर पाणी खाली येते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ४ सेंमी असेल तर १२ लिटर. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी ठेवावी आणि नळीला पृष्ठभागालगत लहान छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून उतार थांबतो. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप प्रत्येक सागरी टाकीजवळ असावा.

नित्याची देखभाल

उन्हाळ्यातील कोरड्या हवेत बाष्पीभवन वाढते. पाणी उडते, मीठ मागे राहते : ९० लिटरमधून ५ लिटर उडाल्यास क्षारता ३५ वरून सुमारे ३७ होते. पातळी खाली गेल्याने पंप हवा ओढू लागतो. घट रोज शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. पंपाच्या शोषण तोंडावरील जाळी दर आठवड्याला धुवावी. साचलेला चुनखडीचा थर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून काढावा व पंप स्वच्छ पाण्याने धुऊनच परत बसवावा.

उत्पादक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

क्लाऊनफिशची अंडी सुमारे आठवड्याभराने, अंधार पडल्यावर फुटतात. डिंभकांच्या टाकीत प्रवाहपंप लावू नये. हवेचे अतिशय मंद बुडबुडे पुरेसे असतात. पिल्ले विक्रीयोग्य होत आली की प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवावा, म्हणजे ग्राहकाच्या टाकीत गेल्यावर ती थकत नाहीत. ग्राहकाला प्रवाळ किंवा जिवंत खडक सुचवू नये. प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. कोरडा खडक किंवा सिरॅमिकच्या वस्तू वापरता येतात. क्लाऊनफिशला बंदिस्त टाकीत समुद्रफुलाचीही अनिवार्य गरज नसते.

विक्रीच्या वेळी प्रत्येक ग्राहकाला तीन प्रश्न विचारावेत : टाकीत प्रत्यक्ष पाणी किती आहे, पृष्ठभाग हलतो का आणि वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच मासा द्यावा. एखादी विक्री लांबणीवर पडली तरी चालेल. त्या ग्राहकाच्या टाकीत जगलेला मासाच पुढच्या मागणीचा आधार ठरतो.