पाथरी आणि परभणी : एका ठाण्याचे स्थलांतर

'राजधानी' या शब्दातील 'धानी' म्हणजे धारण करणारी, साठविणारी जागा. लहानशा प्रदेशाचा कारभार जेथून चाले त्या गावास मात्र मराठीत 'ठाणे' हा साधा शब्द आहे. आजच्या परभणी जिल्ह्यात हे ठाणेपण पाथरीकडून परभणीकडे कसे गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गोदावरीच्या उत्तरेस, काळ्या कसदार जमिनीत वसलेली पाथरी सोळाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. या नात्याने बुऱ्हाण निजामशहाने दुसऱ्या मुलखाच्या मोबदल्यात पाथरी मागितली आणि ती मिळेना तेव्हा १५१८ मध्ये जिंकून घेतली. पुढे 'आइन-इ-अकबरी'त पाथरी हे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे नाव म्हणून येते. येथे 'सरकार' म्हणजे शासन नव्हे, तर अनेक परगण्यांचा मिळून झालेला महसुली विभाग होय. पाथरीचे ठाणेपण मुख्यतः शेतसाऱ्यावर उभे होते, हे या शब्दानेच सूचित होते.

निजामाच्या राज्यात सालारजंगाने १८६५ मध्ये जिलाबंदी केली. तिच्यातून साकारलेल्या व्यवस्थेत जिल्ह्याचे ठाणे परभणी झाले. पाथरी तालुक्याचे गाव उरली. 'तालुका' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'संबंध' असा आहे. हैदराबाद राज्यात जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी 'अव्वल तालुकदार' म्हणविला जाई, तो याच शब्दावरून. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग झाला. तो सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा गेला. पाथरी बाजूस राहिली. गावरानी कापसाचा व्यापार स्थानकांभोवती एकवटला. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले आणि 'मोंढा' हा मराठवाड्याचा खास शब्द गावाच्या नव्या केंद्राचा वाचक ठरला. कचेरीने दिलेले महत्त्व मोंढ्याने पक्के केले.

तथापि कचेरी आणि मोंढा या दोहोंचाही ओघ एकाच दिशेचा असतो : सारा आणि माल शिवारातून ठाण्याकडे येतो. उलट दिशेने काही जावे अशी सोय परभणीत १९५६ मध्ये निघालेल्या कृषी महाविद्यालयाने, आणि विशेषतः १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने केली. या विद्यापीठास २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. केवडा रोगास तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात येथेच निपजली. ज्या गावाच्या नावाने पूर्वी सारा भरला जाई, त्याच गावाच्या नावाने आता बियाणे ओळखले जाते, हा अर्थबदल नोंदण्याजोगा आहे.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि परभणीच्या कचेरीचे क्षेत्र आकुंचित झाले. प्रशासकीय रेषा पुन्हाही बदलू शकतील. केवळ त्यांच्यावर विसंबलेल्या ठाण्याचे काय होते, हे पाथरीच्या इतिहासावरून दिसते. म्हणून परभणीचे पुढील स्थान कचेरीच्या विस्तारापेक्षा, भोवतालच्या कोरडवाहू शेतीस ती किती परत देते यावर अधिक अवलंबून राहील. जुनी महसुली दप्तरे आणि मोंढ्यातील बोली यांचा एकत्र अभ्यास झाल्यास हा देण्याघेण्याचा हिशेब अधिक स्पष्ट होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो हाती घेण्यासारखा आहे.