न पटणारे सहकारी : एका इंग्रजी पर्यायाचा शोध

अनुवादविचारात पर्यायांची चर्चा बहुधा संस्कृतिनिष्ठ शब्दांभोवती फिरते. ‘सोवळे’, ‘ओटी’, ‘वारी’ यांना नेमके इंग्रजी प्रतिशब्द नाहीत, हे आता सर्वपरिचित आहे. परंतु ‘त्या दोघांचे पटत नाही’ यासारखे नित्य व्यवहारातले वाक्य इंग्रजीत नेताना येणारी अडचणही तितकीच मूलगामी आहे. आणि सेवेसंबंधीच्या कागदपत्रांत ती निव्वळ भाषिक राहत नाही.

प्रथम वाक्यरचना पाहावी. येथे प्रथमान्त कर्ता नाही. ‘दोघांचे’ ही षष्ठी आहे, आणि ‘पटणे’ ही क्रिया त्यांपैकी कोणीही ‘करीत’ नाही. ती दोघांच्या मधल्या जागेत घडते, वा घडत नाही. दोष कोणाचा, याविषयी वाक्य मौन पाळते. इंग्रजीतील सहज सुचणारी विशेषणे मात्र व्यक्तीला चिकटतात. माझ्या पाहण्यात आलेल्या एका महाविद्यालयीन अहवालात दोन अध्यापकांचे ‘पटत नसल्याने’ काम रखडल्याची नोंद होती. इंग्रजी प्रतीत ते दोघेही ‘अनकोऑपरेटिव्ह’ ठरले. मूळ वाक्यात परिस्थितीचे वर्णन होते, अनुवादात दोन स्वतंत्र आरोप झाले. आणि वरिष्ठ कार्यालयात वाचली जाणार होती ती इंग्रजी प्रत!

या विशेषणाची उलट वाटही तपासण्याजोगी आहे. मराठीत ‘असहकार’ हा शब्द १९२० च्या नागपूर अधिवेशनापासून राजकीय अर्थाने इतका भारला गेला आहे, की त्यात हेतुपुरस्सर नकार गृहीतच असतो. शिवाय ‘असहकारी सहकारी’ ही शब्दयोजना मराठीत वदतोव्याघात वाटते, कारण ‘सहकारी’ या शब्दातच एकत्र काम करणे आहे. इंग्रजी ‘कलीग’मध्ये ते नाही. त्याचे मूळ लॅटिन ‘कोलेगा’ म्हणजे सोबत नेमलेला. त्यात नेमणूक आहे, सहकार्य नाही. रोमच्या दोन कॉन्सुलांना एकमेकांचा निर्णय रोखण्याचा अधिकारच असे. इ. स. पू. ५९ मध्ये सीझरचा सहकॉन्सुल बिब्युलस घरात बसून केवळ अपशकुनांच्या घोषणा काढीत राहिला. तेव्हा लोक ते वर्ष ‘ज्यूलियस आणि सीझर’ यांच्या कारकिर्दीचे म्हणू लागले, असे स्वेटोनियस सांगतो. बिब्युलस ‘कलीग’ होता. त्याला ‘सहकारी’ म्हणणे कठीण आहे.

मग पर्याय कोणता? ‘ॲट लॉगरहेड्स’ म्हणावे, तर उघड भांडण हवे. न पटणारी माणसे पुष्कळदा अत्यंत सभ्यपणे वागतात. ‘ॲट क्रॉस-पर्पझेस’मध्ये वैर नसते, उद्दिष्टांची गल्लत असते. ‘डिस्फंक्शनल’ हा आज सर्वांत लोकप्रिय शब्द. वैद्यकातील ‘डिस्फंक्शन’ ही कल्पना समाजशास्त्रात रुळवण्यात रॉबर्ट मर्टनच्या १९४९ च्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे, आणि पॅट्रिक लेन्सिओनीच्या २००२ मधील पुस्तकानंतर तो शब्द व्यवस्थापनाच्या वर्गांत घरोघरचा झाला. तो गटाला लागू पडतो, एवढा त्याचा गुण. पण त्यात रोगनिदानाचा वास आहे, आणि दोन माणसांच्या न जमण्याला रोग म्हणणे अतिशयोक्तीचे होय.

माझ्या मते ‘पटत नाही’च्या सर्वांत जवळ जातो तो ‘इनकम्पॅटिबल’. याच्या मुळाशी लॅटिन ‘पाती’, म्हणजे सोसणे, हा धातू आहे. एकाच व्यक्तीने एकाच वेळी धारण करू नयेत अशा दोन धर्मपदांना मध्ययुगीन चर्चमध्ये हे विशेषण लावीत. ती दोन्ही पदे स्वतंत्रपणे निर्दोषच असत, दोष फक्त एकत्र येण्यात! बोलण्याच्या पातळीवर ‘दे डोन्ट गेट ऑन’ अधिक सहज. परंतु अहवालाच्या भाषेत ते सैल वाटते.

वाक्प्रचारांची गोष्ट निराळी. ‘छत्तीसचा आकडा’ हा देवनागरी ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे फिरविलेल्या पाठींवर उभा आहे; इंग्रजी अंकांत ते चित्र तितके उमटत नाही. ‘बारभाईचा कारभार’ तर अधिकच फसवा. नारायणरावांच्या १७७३ मधील खुनानंतर एकत्र आलेल्या मुत्सद्द्यांचे आपसांत पुढे बिनसले, सखारामबापू कैदेत गेले. तरी १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत रघुनाथरावांचा पेशवाईवरील दावा संपुष्टात आला होता. म्हणजे ज्या मंडळाच्या नावाने आपण गोंधळ सुचवितो, त्याने आपले मुख्य कार्य तडीस नेले. त्याला ‘डिस्फंक्शनल’ म्हणणारा अनुवादक वाक्प्रचाराशी प्रामाणिक राहील, इतिहासाशी नाही.