चढाई की पकड?

कबड्डीतल्या पुणेरी पलटणला आणखी तगडा चढाईपटू हवा, ही चर्चा वाशिमच्या चहाटपरीवर दर हंगामात रंगते. मी मंगरुळपीरकडच्या मातीत डावा कोपरा सांभाळलेला माणूस. मला ही मागणी पटत नाही.

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. चढाईत सर्वाधिक गुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादेत चषक उचलला पलटणने, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून! पकडीत अव्वल होता पलटणचाच इराणी मोहम्मदरझा शादलू. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते यांनी चढाया वाटून घेतल्या होत्या.

नियमही पकडीला साथ देतात. चढाईला अवघे ३० सेकंद. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. चढाईपटू वळला की कोपऱ्याने घोटा धरायचा, शेजारच्या गड्याने लगेच कंबर आवळायची. बोटं जरा सैल पडली की गडी निसटला. मैदानात आपले तीन किंवा कमी गडी असताना पकड साधली तर दोन गुण.

एकाच हुकमी चढाईपटूवर पैसा ओतला आणि त्याचा गुडघा दुखावला तर? त्या पैशात पलटणने दोन तरणे कोपरे घ्यावेत.