सहकुटुंब न्यू ऑर्लिन्स

न्यू ऑर्लिन्स म्हटलं की बर्बन स्ट्रीट, हातात प्याले घेतलेली गर्दी आणि पहाटेपर्यंतचा धिंगाणा एवढंच अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं. ह्यूस्टनला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडं यांना घेऊन तिथे कसं जायचं, असा प्रश्न मग पडतो. खरं तर ह्यूस्टनहून गाडीने पूर्वेकडे निघालं की साडेपाच-सहा तासांत हे शहर येतं, आणि बर्बन स्ट्रीट हा त्यातला एक रस्ता आहे. त्याला वळसा घालून सकाळी लवकर बाहेर पडा, दिवस गल्ल्यांमधून आणि बागांमधून घालवा. तीन पिढ्यांनी मिळून खावं, ऐकावं, भटकावं असं हे शहर आहे हे लगेच पटतं. संगीत मोठ्यांचं आणि घसरगुंडी मुलांची, अशी वाटणी इथल्या लोकांनी कधी केलीच नाही.

मिसिसिपी नदीच्या एका मोठ्या वळणावर फ्रेंचांनी 1718 मध्ये हे गाव वसवलं. पुढे ते स्पेनकडे गेलं. 1788 आणि 1794 च्या आगींत जुनी वस्ती जळाली आणि स्पॅनिश अमलात पुन्हा उभी राहिली. त्यामुळे आज ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणून आपण जो भाग पाहतो, त्यातल्या कमानी आणि घरांच्या पोटातली अंगणं स्पॅनिश वळणाची आहेत. लुइझियाना प्रांत पुन्हा फ्रान्सकडे गेला, 1803 मध्ये अमेरिकेने तो फ्रान्सकडून विकत घेतला आणि हे बंदर झपाट्याने वाढलं, ते कापसावर आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीवर. यादवी युद्धाआधी अमेरिकेतला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार इथे भरायचा. या शहराच्या ताटातलं आणि कानातलं जे जे उत्तम आहे, त्यात त्या बाजारात उभ्या केलेल्या माणसांचा आणि त्यांच्या लेकरांचा वाटा फार मोठा आहे.

इथल्या कॉफीच्या कपातून एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली आणि पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स पडलं. अमेरिकी कापूस अडकल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. राजाबाई टॉवरसाठी देणगी देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांची संपत्ती याच कापसाच्या तेजीत फुगली. इकडे न्यू ऑर्लिन्सला कॉफीचा तुटवडा पडला, म्हणून लोक कॉफीत भाजलेल्या चिकोरीच्या मुळांची पूड जास्त घालू लागले. युद्ध संपलं, तरी ती चव राहिली. 1862 पासून चालू असलेल्या ‘कॅफे द्यू माँद’मध्ये आजही चिकोरीची कडसर कॉफी निम्म्या गरम दुधात मिसळून मिळते. सोबत बेन्ये हवेतच. आंबवलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे तळून फुगवतात, त्यावर पिठीसाखरेचा जाड थर देतात आणि एका बशीत तीन वाढतात. नदीकाठच्या या उघड्या मंडपात आजोबांच्या शर्टावर आणि नातवाच्या नाकावर सारखीच साखर सांडलेली असते.

जेवणाची सुरुवात गंबोपासून करावी. या दाट रश्शात शहराचा सगळा इतिहास शिजलेला असतो. त्यातली भेंडी आफ्रिकेतून आली. भेंडीऐवजी घट्टपणासाठी काही जण ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड घालतात, ती इथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची देणगी. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हे त्रिकूट इथल्या बहुतेक पदार्थांचा पाया आहे. रश्शाचा रंग आणि खमंगपणा येतो तो तेलात किंवा लोण्यात परतलेल्या मैद्यामुळे. ही पद्धत फ्रेंचांची, पण इथल्या आज्या मैदा चॉकलेटच्या रंगाचा होईपर्यंत ढवळत बसतात. लाडवाचं बेसन भाजताना लागतो तेवढाच धीर त्याला लागतो आणि हात थांबला की तसंच करपतं. मग कोळंबी, खेकडा, कोंबडी, मसालेदार सॉसेज असं जे हाताशी असेल ते पडतं आणि सगळं भातावर वाढलं जातं.

ट्रेमे भागातल्या ‘डूकी चेस’ या उपाहारगृहात गंबो खाणं म्हणजे एका मोठ्या बाईच्या घरी पान मांडून बसणं. 1941 मध्ये सुरू झालेली ही जागा लीआ चेस यांनी नावारूपाला आणली. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर बसणं कायद्याला मंजूर नव्हतं, त्या काळात नागरी हक्क चळवळीतली माणसं त्यांच्या माडीवर एकत्र जेवली आणि तिथेच त्यांच्या बैठका झाल्या. भिंतींवर त्यांनी आफ्रिकी अमेरिकी चित्रकारांची चित्रं लावली. 2019 मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. आता पुढच्या पिढ्या तिथला चुलीवरचा कारभार पाहतात.

सोमवारी शहरभर राजमा-भात असतो. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असे. रविवारच्या जेवणातलं उरलेलं हाड घालून राजमा मंद आचेवर ठेवला की बाई धुण्याला मोकळी. धुण्याची यंत्रं आली तरी सोमवारचा नेम मोडलेला नाही. ‘पो-बॉय’ नावाच्या लांबट, कुरकुरीत पावाची कथाही कष्टकऱ्यांची आहे. 1929 मध्ये ट्रामच्या कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा पूर्वी स्वतः ट्रामवर काम केलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना आपल्या दुकानात फुकट खाऊ घातलं. हे पाव त्या काळात घराघरांत पोहोचले. आज त्यात तळलेली कोळंबी किंवा कालवं असतात.

शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राजमा आणि पालेभाज्यांचा गंबो यांतही बहुतेक ठिकाणी मांस असतं, म्हणून मागवण्याआधी विचारावं. बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा पो-बॉय मिळतो, तो ग्रेव्हीशिवाय मागावा. पेकान आणि साखरेच्या प्रालीन वड्या आहेतच. उन्हाळ्यात ‘हॅन्सन्स स्नो-ब्लिझ’ या 1939 पासूनच्या दुकानासमोर लागणारी रांग तर सगळ्या वयांची असते. बर्फाचा भुगा पाडणारं यंत्र मालकाने स्वतः बनवलं आणि त्यातून निघालेला बर्फ इतका तलम असतो की सरबत त्यात मुरतं, तळाशी साचत नाही.

संगीताकडे वळताना पहिला नमस्कार काँगो स्क्वेअरला करावा. फ्रेंच क्वार्टरच्या मागे, लुई आर्मस्ट्राँग यांच्या नावाच्या बागेत हे मैदान आहे. रविवारी मोकळीक मिळालेले गुलाम इथे जमायचे, बाजार मांडायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. 1817 मध्ये शहराने त्यांचं जमणं एकाच जागी बांधून टाकलं, ती जागा ही. आफ्रिकेचे ताल इथे जिवंत राहिले आणि पुढे ब्रास बँडच्या वाद्यांना भेटले. 1901 मध्ये याच शहरातल्या गरीब वस्तीत जन्मलेला आर्मस्ट्राँग अकरा वर्षांचा असताना नववर्षाच्या आदल्या रात्री पिस्तूल उडवल्याबद्दल पकडला गेला आणि सुधारगृहात पोहोचला. तिथल्या बँडमध्ये त्याच्या हातात कॉर्नेट आलं आणि जगाच्या संगीताची दिशा बदलली.

या शहराचा जीव जाणून घ्यायचा तर रविवारची ‘सेकंड लाइन’ मिरवणूक पाहावी. काळ्या लोकांना विमा मिळत नसे, तेव्हा त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत मंडळं काढली. सभासदांनी वर्गणी द्यायची, मंडळाने आजारपणात डॉक्टरचा खर्च करायचा आणि मरणानंतर बँडसह सन्मानाने पोहोचवायचं. त्याच मंडळांच्या वार्षिक मिरवणुका उन्हाळ्याचे काही आठवडे सोडले तर बहुतेक रविवारी निघतात. पुढे एकाच रंगाचे सूट, पिसांचे पंखे आणि पट्टे मिरवणारे सभासद, त्यांच्याबरोबर ट्युबा आणि ट्रॉम्बोनचा दणका, आणि मागे नाचत येणारी सगळी वस्ती. मागच्या गर्दीत सामील व्हायला तिकीट नाही, आमंत्रण लागत नाही. बाबागाडीतली बाळं असतात, काठी टेकत ठेका धरणाऱ्या आज्या असतात. चार-पाच वर्षांचं पोर खेळण्यातला कर्णा तोंडाला लावून खऱ्या वादकाच्या शेजारून चालतं आणि त्याला कोणी हटकत नाही. इथली मुलं ताल असा चालता चालता शिकतात.

बसून ऐकायचं असेल तर ‘प्रिझर्वेशन हॉल’ आहे. 1961 पासून ही छोटी, जुनाट खोली पारंपरिक जॅझ जपते आहे. साधी बाकं, जमिनीवर उशा, साधारण पाऊण तासाचा कार्यक्रम. दारू मिळत नाही आणि मुलांना मज्जाव नाही, त्यामुळे पहिल्या रांगेत उशीवर बसून क्लॅरिनेट हातभर अंतरावरून ऐकण्याचं भाग्य मुलांच्याच वाट्याला येतं. फ्रेंचमेन स्ट्रीटवरच्या अनेक क्लबांत मात्र एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो, तेव्हा चौकशी करून जावं. दिवसा रॉयल स्ट्रीटवर आणि जॅक्सन स्क्वेअरमध्ये रस्त्यावरचे वादक असतातच. ‘मार्डी ग्रा’ या कार्निव्हलच्या मिरवणुकांतही सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवर कौटुंबिक जत्रा भरते. शिडीच्या टोकाला मुलासाठी लाकडी बैठक ठोकलेली असते, मागे बाप उभा, आणि रथांवरून फेकलेल्या मण्यांच्या माळा मूल वरच्या वर झेलतं.

याच सेंट चार्ल्सवर 1835 पासून चालत आलेली ट्राम धावते. सलग चालू असलेल्या जगातल्या ट्राममार्गांत ती सर्वांत जुनी मानली जाते. हिरवे डबे 1920 च्या दशकातले आहेत. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, दोन्ही बाजूंना ओकची झाडं आणि जुनी हवेलीवजा घरं. वाटेत ऑडुबॉन पार्कला उतरून मागच्या प्राणिसंग्रहालयाकडे जाता येतं. पूर्ण दिवस हाताशी असेल तर तो सिटी पार्कला द्यावा. सुमारे 1,300 एकरांच्या या उद्यानात शेकडो वर्षांचे ओक आहेत, 1906 चं लाकडी घोड्यांचं फिरतं चक्र आहे, परीकथांच्या शिल्पांचं ‘स्टोरीलँड’ आहे, फुकट पाहता येणारी शिल्पबाग आहे आणि 2019 मध्ये इथे आलेलं मुलांचं संग्रहालय आहे. एका ओकच्या फांद्यांना लटकवलेल्या नळ्या पाच स्वरांत जुळवल्या आहेत. वारा आला की झाड वाजतं.

29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळाने बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. हजारो कुटुंबं पांगली, त्यांत वादकही होते. हॅरी कॉनिक आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या इथल्याच कलावंतांनी पुढाकार घेतला आणि ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ उभं राहिलं. वादकांना परवडतील अशी घरं आणि मधोमध मुलांसाठी संगीत केंद्र. 2007 मध्ये एका ब्रास बँडच्या ड्रमवादकाने सुरू केलेली ‘रूट्स ऑफ म्युझिक’ ही संस्था शाळा सुटल्यावर मुलांना फुकट वाद्य शिकवते, जेवू घालते आणि बँडमध्ये उभं करते. घरं परत बांधता येतात. मोहल्ल्यातली तालीम तुटली तर पुन्हा जोडता येत नाही, हे या लोकांनी ओळखलं म्हणून शहर वाचलं.

जायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही अंदाज पाहून निघावं; उन्हाळ्यात दमट उकाडा. एप्रिलमधला फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल मोफत असतो. सेकंड लाइन कुठून निघणार, आज कोण कुठे वाजवणार हे डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे स्थानिक रेडिओ केंद्र रोज सांगतं. मुक्कामात एक रविवार येईल असा बेत आखावा आणि खिशात सुट्ट्या नोटा ठेवाव्यात. रस्त्यावर वाजवणाऱ्यापुढची बादली हीच त्याची कमाई असते. त्यात नोट टाकायला मुलांनाच पुढे पाठवा. ऐकलेल्या गाण्याचं मोल द्यायचं असतं, हे त्यांना तिथे जितकं सहज कळेल तितकं दुसरीकडे सांगून कळणार नाही.